फ्री बेट आणि एक्स्चेंज

ब्रिटनमध्ये 1961 साली पैजेची दुकाने कायदेशीर झाली, पण भाव ठरवणारा बुकीच राहिला. जून 2000 मध्ये अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे यांच्या बेटफेअर या ऑनलाइन पैज-एक्स्चेंजने ही एकतर्फी मांडणी मोडली. तिथे कोणीही बुकीच्या जागी बसून दुसऱ्याची पैज स्वीकारू शकत होता. ऑक्टोबर 2001 मध्ये पैजेवरच्या कराचा बोजाही ग्राहकाच्या डोक्यावरून उतरला. तो कायम असता, तर पुढचे गणित जमणे अवघडच होते.

गिऱ्हाईक ओढण्यासाठी ऑनलाइन बुकी ‘फ्री बेट’, म्हणजे फुकटची पैज, देत. समजा, 20 पौंडांची अशी बेट 5 च्या भावाने एका फुटबॉल संघावर लावली. संघ जिंकला तर 80 पौंड मिळतात, मूळ 20 मिळत नाहीत. त्याच वेळी एक्स्चेंजवर त्याच भावाने, त्याच संघावरची 16 पौंडांची पैज स्वीकारायची. संघ जिंकला तर 64 द्यावे लागतात, नाहीतर 16 मिळतात. निकाल काहीही लागो, हाती 16 पौंड उरतात; संघ जिंकला नाही, तर त्यातून एक्स्चेंजचे कमिशन जाते. प्रत्यक्षात दोन्हीकडचे भाव इतके तंतोतंत जुळत नाहीत. मोठ्या फुटबॉल सामन्यांत मात्र उलाढाल प्रचंड असल्याने तफावत कमी राहते. म्हणूनच ही पद्धत तिथे रुजली.

बुकींनाही हे लवकरच उमगले. ते अशा ग्राहकांच्या सवलती बंद करू लागले, पैजेच्या रकमेवर मर्यादा घालू लागले. हरणाऱ्यांसाठी दार सताड उघडे आणि हिशेबी माणसाला मज्जाव, हा व्यवहार उघडउघड अन्यायाचा आहे.