सोलापूरची भाकर आणि पथ्याचा वाद

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात प्रकृतीच्या गोष्टी निघाल्या, की कोणीतरी अभिमानाने सांगतो, ‘आम्ही भाकरी सोडली!’ कर्बोदके, म्हणजे धान्यातील पिष्ट व साखर, कमी केली की वजन उतरते व रक्तातील साखर आटोक्यात येते, असे एक पक्ष म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न टाकणे घातक, असे दुसरा म्हणतो. ज्वारीच्या कडक भाकरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापुरात हा वाद ऐकताना आम्हांस इतिहासाची काही पाने चाळावीशी वाटली.

हे पथ्य नवे नाही. लंडनचे विल्यम बँटिंग हे सधन गृहस्थ लठ्ठपणाने गांजले होते. डॉ. विल्यम हार्वे यांच्या सल्ल्याने त्यांनी पाव, साखर, बटाटे व बिअर वर्ज्य केली आणि त्यांचे वजन सुमारे २० किलोंनी घटले. १८६३ साली त्यांनी हा अनुभव पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला व वादाला तोंड फुटले.

त्यानंतर चौदाच वर्षांनी आपल्या देशात नेमका उलटा वाद झाला. १८७६-७८च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला होता. सरकारी प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७च्या आरंभी दुष्काळी कामावरील पुरुषास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्याची किंमत व वर एक आणा एवढी मजुरी पुरेशी ठरविली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तीस कडाडून विरोध केला. राबणाऱ्या देहाला एवढे धान्य पुरत नाही आणि नुसत्या धान्यावर तो तगतही नाही. सोबत प्रथिनयुक्त अन्न व भाजी हवी, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ही तुटपुंजी मजुरी नाकारून कामे सोडली.

पुढे १९७२ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांचे पुस्तक गाजले. पाव-साखर सोडा, मांस-अंडी खा, हा त्याचा मथितार्थ. त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. मे १९७३मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून सुकडीचे आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीचे नाव निघते. एकीकडे भाकर टाकण्याचे शास्त्र, दुसरीकडे भाकरीसाठी खडी फोडणारे हात!

आज चित्र पालटले आहे. ज्या भाकरीवर आजोबा शेतात वा गिरणीत दिवसभर राबले, तीच भाकरी नातू बसून खातो. शिवाय ज्वारी म्हणजे औषध, हाही भ्रमच. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात. प्रथिने आणि तंतू प्रत्येकी १० ग्रॅमच्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असे तीत आढळले. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे वा भरड धान्याचे पीठ घेतल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी वा दुधातील प्रथिनांना दिल्यास मात्र तो घटतो, असे दिसले. म्हणजे दीडशे वर्षांनंतरही डॉ. कॉर्निश यांचेच म्हणणे खरे ठरते : ताटात नुसते धान्य नको.

तेव्हा भाकरीला शत्रू मानण्याचे कारण नाही. दोनऐवजी एक घ्यावी. सोबत मटकीची उसळ, वरण, दही, पालेभाजी वाढवावी. मात्र इन्सुलिन वा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून आहार एकाएकी बदलू नये. साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

एक गोष्ट विसरता कामा नये. भाकरी कमी करणे सोपे; तिच्या जागी डाळ आणि दूध ठेवणे सर्वांना परवडत नाही. आपल्याच धर्मग्रामात अशी घरे आहेत. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण आजच्यापुरती भाकर मागतो, कोठार मागत नाही; आणि ती ‘मला’ नव्हे, ‘आम्हांला’ मागतो. आपले ताट मोजताना शेजारच्या ताटात डाळ आहे की नाही, हेही आपण पाहावे.