तार तुटली, पण नेमकी कुठे?

अमरावती-नागपूर रस्त्यावर, आर्वी आणि आष्टीकडे फाटे फुटतात तिथे, तळेगाव (श्यामजी पंत) आहे. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6, आताचा 53, इथूनच जातो. समजा, या रस्त्याकडेला खोदकाम चालू असताना जमिनीखालची प्रकाशतंतूंची केबल तुटली. शाळेतले इंटरनेट बंद, बँकेतली रांग जागच्या जागी. आता तूट शोधायची कशी?

दुरुस्ती करणारा केबलच्या टोकाला एक उपकरण जोडतो आणि तंतूत प्रकाशाचा स्पंद सोडतो. तुटल्या जागेवरून थोडा प्रकाश मागे फिरतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. तो 100 मायक्रोसेकंदांनी परत आला, तर जाऊन-येऊन 20 किलोमीटर झाले. म्हणजे तूट 10 किलोमीटरवर. नववीच्या मुलांनाही हे गणित जमेल.

मग 10 किलोमीटर मोजून कुदळ मारायची का? इथेच फसगत होते. हे अंतर केबलचे आहे, रस्त्याचे नव्हे. पुढे दुरुस्तीला उपयोगी पडावी म्हणून जोडांपाशी जादा केबल वेटोळी करून ठेवलेली असते. वाटेत अशी 8 वेटोळी, प्रत्येकी 20 मीटरची असतील, तर 160 मीटर वजा करावे लागतील. किती वेटोळी, हे उपकरण सांगत नाही. ते ज्याने केबल पुरली त्याने लिहून ठेवलेले असावे लागते.

ही अडचण जुनीच. 1870 साली सुएझ-एडन-मुंबई अशी समुद्रातली तार पूर्ण झाली. समुद्रातली तार बिघडली की किनाऱ्यावरून तिचा विद्युतरोध मोजून बिघाडाचे अंतर काढत. पण तार टाकताना जहाज ती ताणत नसे, तळाच्या चढउतारांसाठी सैल सोडत असे. किती सैल सोडली याची नोंद असेल तरच दुरुस्तीचे जहाज योग्य जागी गळ टाकू शके.

1882 मध्ये मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले आणि हळूहळू तारांचे जंगल वाढले. त्यावर एक सुरेख युक्ती निघाली : पाच रंगांची एक मालिका, पाच रंगांची दुसरी, दोन्हींतला एकेक घेऊन 25 वेगळ्या जोड्या. कोणती जोडी कोणाच्या घरी जाते, हे मात्र वहीत असे, आणि बरेचदा वहीपेक्षा लाइनमनच्या डोक्यात. तो निवृत्त झाला की नकाशाही निवृत्त !

नकाशाही दोन तऱ्हांचा लागतो. एक, वस्तू कुठे आहे हे दाखवणारा. दुसरा, काय कशाला जोडले आहे हे दाखवणारा. 1736 मध्ये ऑयलरने क्योनिग्झबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडवताना अंतरे टाकून दिली आणि फक्त जोडण्या ठेवल्या. 1933 मध्ये छापलेल्या हॅरी बेकच्या लंडन भुयारी रेल्वेच्या नकाशातही तेच आहे. प्रवाशाला तो पुरतो. खड्डा खणणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

संगणकाच्या प्रणाली निवडताना हाच भेद आठवावा. 1982 चे ऑटोकॅड मापात रेघ काढते, पण निव्वळ रेघेला आपण कोणती तार आहोत हे ठाऊक नसते. 1992 च्या व्हिजिओत चौकोन हलवला की जोडलेली रेघ त्याच्यामागे येते. 2002 मध्ये सुरू झालेले मोफत क्यूजीआयएस जमिनीवरची जागा सांभाळते. 2016 मध्ये खुले झालेले नेटबॉक्स चित्रापासून नव्हे, नोंदीपासून सुरुवात करते : कोणते यंत्र, कोणते छिद्र, कोणती तार, दुसरे टोक कुठे. आम्हांला ही शेवटची रीत सर्वांत पटते, कारण चित्र सुंदर असूनही खोटे असू शकते. महामार्गावरच्या केबलला मात्र क्यूजीआयएससारख्याची जोड हवीच.

2023 मध्ये केंद्र सरकारने खणणाऱ्याने आधी विचारावे म्हणून एक ॲप आणले. ते खणणाऱ्याची गाठ केबलच्या मालकाशी घालून देते. पण मालकाच्याच दप्तरी केबल रस्त्याच्या डाव्या अंगाला लिहिलेली असेल आणि रुंदीकरणात ती उजवीकडे गेली असेल, तर?

शाळेच्या संगणक खोलीसाठी यांतले काहीच विकत घ्यायला नको. एक वही घ्या. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवा आणि मुलांकडून चार रकाने भरून घ्या : क्रमांक, इकडचे टोक, तिकडचे टोक, तारीख. महिन्याने एक तार गुपचूप बदला आणि वहीवरून ती कोणाला सापडते ते पाहा.