फुली नव्हे, आद्याक्षर

नाताळाच्या शुभेच्छापत्रांत, आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरील संदेशांतही, 'एक्समस' हा शब्द दिसला की आपल्यातील अनेक भाविक व्यथित होतात. सणाच्या इंग्रजी नावातून ख्रिस्ताला काढून टाकले व त्याच्या जागी चक्क फुली मारली, असा त्यांचा आक्षेप असतो. मराठी मनाला फुली म्हणजे खोडणे, नाकारणे. तेव्हा ही व्यथा आम्ही समजू शकतो. तथापि या फुलीचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे चित्र पालटते.

ग्रीक भाषेत 'ख्रिस्तोस' या शब्दाचे पहिले अक्षर 'खी'. दोन तिरक्या रेषांनी एकमेकींना छेदावे, तसा त्याचा आकार. इ. स. २०० च्या सुमाराच्या नव्या कराराच्या हस्तलिखितांतही देव, प्रभू, येशू व ख्रिस्त हे शब्द सहसा पूर्ण लिहिलेले आढळत नाहीत. लेखनिक त्यांची आरंभीची वा शेवटची मोजकी अक्षरे लिहीत आणि त्यांच्या माथ्यावर आडवी रेघ ओढीत. जर्मन पंडित लुडविग ट्राउबे यांच्या १९०७ सालच्या ग्रंथापासून हे संक्षेप 'नोमिना साक्रा', म्हणजे 'पवित्र नामे', म्हणून ओळखले जातात. जागा वाचविणे हा त्यांचा हेतू म्हणावा, तर त्याच पानांवरील इतर लांबलचक शब्द अक्षरशः पूर्ण लिहिलेले आहेत. संक्षेप होता तो पूज्य शब्दांचा, आणि तो आदरापोटी होता, असे अनेक अभ्यासक मानतात.

ही प्रथा पुढे युरोपभर पसरली. मध्ययुगीन अँग्लो-सॅक्सन बखरीत नाताळाचे नाव ग्रीक 'खी' व 'ऱ्हो' या अक्षरांनी आरंभ करून लिहिलेले आढळते. कोलंबस आपल्या सहीत 'ख्रिस्तवाहक' हा नामार्थ लिहिताना ख्रिस्तनामाचा असाच संक्षेप करी. इंग्रज कवी कोलरिज याने १७९९ मधील एका खासगी पत्रात 'एक्समस' हेच रूप वापरले आहे. यांपैकी कोणालाही ख्रिस्ताला खोडावयाचे नव्हते.

येशूच्या नावाचीही अशीच कथा आहे. ग्रीक नावाच्या पहिल्या तीन अक्षरांपासून 'आय-एच-एस' हे चिन्ह निर्माण झाले. मधले ग्रीक अक्षर रोमन 'एच'सारखे दिसते, हे विसरले गेले आणि 'मानवांचा तारणारा येशू' असा लॅटिन अर्थ त्या अक्षरांना जोडण्यात आला. सिएनाचे संत बर्नार्डिन हे चिन्ह फळीवर रंगवून प्रवचनाच्या वेळी लोकांपुढे धरीत. त्यावरून त्यांच्यावर पाखंडाचा आरोप झाला. १४२७ मध्ये पोप पाचवे मार्टिन यांच्यापुढे ते निर्दोष ठरले. पुढे संत इग्नेशियस यांनी हेच चिन्ह येशूसंघाच्या मुद्रेवर घेतले. जुन्या गोव्यात १६०५ साली अभिषेक झालेल्या बॉम जेझूस मंदिराच्या दर्शनी भागावर ते आजही कोरलेले दिसते. संत फ्रान्सिस झेविअर यांच्या दर्शनास जाणाऱ्या किती यात्रेकरूंना ती अक्षरे वाचता येतात?

वस्तुतः संक्षेपातून आदर व्यक्त करण्याची रीत आपणा मराठी भाषकांना परकी नाही. वडिलांना पत्र लिहिताना आपण 'ती.' एवढेच लिहितो. 'तीर्थरूप' हा शब्द पुरता लिहिला नाही म्हणून कोणी वडील रागावल्याचे ऐकिवात नाही. शिवाय आपला 'नाताळ' हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला. त्याचा अर्थ केवळ 'जन्माचा'. त्यात तर ख्रिस्तनाम मुळीच नाही! तरीही तो उच्चारताना आपल्या डोळ्यांपुढे गव्हाणीतील बाळच उभे राहते.

बाजारपेठेतील जाहिरातींत 'एक्समस' लिहिणाऱ्याच्या मनात हा सारा अर्थ असतोच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चिन्हाला अर्थ राहतो तो वाचणाऱ्याच्या जाणतेपणामुळे. ती जाण हरपली की आद्याक्षराची फुली होते, आणि तो दोष अक्षराचा नसतो. म्हणून येत्या नाताळात घरातल्या मुलांनी हा शब्द लिहिलाच, तर त्यांना दटावण्याऐवजी जवळ बसवून त्या अक्षराचे मूळ नाव सांगावे, अशी वाचकांना आमची विनंती आहे.