आयपीव्ही६ (ग्राहकसेवा)

आयपीव्ही६ ही आंतरजालावरील उपकरणांना पत्ते देणाऱ्या नियमावलीची सहावी आवृत्ती होय. तिचे मानक डिसेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले व जुलै २०१७ मध्ये त्याला पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. सेवादाते ही सेवा ग्राहकापर्यंत कशी पोहोचवतात, याची माहिती या लेखात पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात दिली आहे.

पत्त्यांची टंचाई

आधीच्या आयपीव्ही४ पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. जागतिक साठ्यातील शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. त्यानंतर आशिया-प्रशांत विभागात नव्या सेवादात्याला जास्तीत जास्त १,०२४ आणि २०१९ पासून केवळ ५१२ पत्ते मिळू लागले. आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा असतो. सेवादात्याला सामान्यतः मिळणाऱ्या लहानात लहान गटातूनही १,६७,७७,२१६ घरांना प्रत्येकी २५६ स्वतंत्र जाळी देता येतात. दोन्ही तालुक्यांना पुरून उरेल एवढा हा साठा आहे.

सामायिक पत्ता व त्याच्या अडचणी

पत्ते अपुरे पडल्याने अनेक सेवादाते एकच आयपीव्ही४ पत्ता शेकडो ग्राहकांत वाटून देतात. संकेतस्थळे पाहण्यास त्याने बाध येत नाही. अडचण येते ती बाहेरून आत येताना. नारायणगाव परिसरातील द्राक्षबागेत किंवा मंचरजवळच्या गोठ्यावर बिबट्याच्या भीतीने कॅमेरा बसवला, तर पुण्यात राहणाऱ्या मुलाला तो थेट उघडता येत नाही. त्याला कॅमेरा-कंपनीच्या मध्यस्थ संगणकावर विसंबावे लागते, अथवा स्थिर पत्त्यासाठी बहुधा वेगळे शुल्क भरावे लागते. शिवाय एका ग्राहकाच्या गैरवर्तनामुळे एखाद्या संकेतस्थळाने तो पत्ता अडवला, तर त्यामागील सगळेच ग्राहक अडतात. चूक एकाची, शिक्षा आळीला, असा हा प्रकार.

सेवा देण्याची पद्धत

तारेच्या वा ऑप्टिकल फायबरच्या जोडणीवर बहुधा दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी चालतात. घरातील राउटर सेवादात्याकडे पत्त्याचा अग्रभाग मागतो आणि त्यातून फोन, दूरचित्रवाणी संच, कॅमेरा अशा प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळतो. मात्र सेवादात्याने हा अग्रभाग वारंवार बदलला, तर कॅमेऱ्याचा पत्ताही बदलतो व सोयीचा अर्धा लाभ जातो. स्वतंत्र पत्ता मिळाला म्हणजे घर सर्वांना खुले झाले असे नव्हे; राउटरची संरक्षक भिंत बाहेरील जोडणी अडवते आणि हवी तेवढीच वाट ग्राहकाने मोकळी करायची असते. पाहणाऱ्याकडेही आयपीव्ही६ असावे लागते.

भ्रमणध्वनीवर हा बदल ग्राहकाच्या नकळत झाला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू करणाऱ्या रिलायन्स जिओने आरंभापासून आयपीव्ही६ वापरले. त्यानंतर भारताची गणना या आवृत्तीचा सर्वाधिक वापर करणाऱ्या देशांत होऊ लागली. अशा जाळ्यांत जुन्या संकेतस्थळांसाठी पत्त्याचे रूपांतर केले जाते. डोंगराकडील ज्या गावांत तार पोहोचलेली नाही, तेथील फोनही अशा जाळ्यावर असल्यास आयपीव्ही६ वापरतात. तथापि बाहेरून येणारी जोडणी भ्रमणध्वनी कंपनी अडवू शकते.

शासकीय धोरण

दूरसंचार विभागाने पहिला आराखडा २०१० मध्ये व दुसरा २०१३ मध्ये काढला. दुसऱ्यानुसार ३० जून २०१४ पासूनची प्रत्येक नवी घरगुती तार-जोडणी आयपीव्ही६-क्षम असणे अपेक्षित होते. ही मुदत पुढे ढकलली जात ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत गेली.

ओळख

राउटरच्या माहितीपानावर बाह्य आयपीव्ही४ पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर तो सामायिक समजावा. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये त्याच कामासाठी राखला गेला. त्याच पानावर २ किंवा ३ या अंकाने सुरू होणारा, अपूर्णविरामांनी विभागलेला लांब पत्ता दिसल्यास आयपीव्ही६ चालू आहे. तो न दिसल्यास राउटरच्या मांडणीत ही सुविधा बंद आहे का, हे सेवादात्याकडे तक्रार करण्यापूर्वी पाहावे.