पाणी कोणी आणले?

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी आम्ही बारा-तेरा बायका जमतो. कधी माझ्या घरी, कधी आणखी कुणाकडे. बहुतेक जणी माझ्या विद्यार्थिनींच्या आई. दोन शिक्षिका आहेत, एक नर्स आहे, एक घरी शिलाई करते. विषय ठरलेला नसतो, पण फिरून फिरून तेच येतात. मेहर निकाहनाम्याच्या कागदावरच का राहतो? वडिलांच्या मिळकतीतला वाटा मागितला की भाऊ बोलणे बंद करतात, त्याचे काय करायचे? दहावीनंतर मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचे, आणि घरातल्या मोठ्यांना हे सांगायचे कसे? नियम दोनच आहेत. जुन्या सभासद बाईने शब्द दिल्याशिवाय नवीन बाई येत नाही, आणि इथले बोलणे बाहेर जात नाही. मोबाइलवर आमचा गट आहे, तिथेही हेच नियम.

मागच्या महिन्यात एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. आता ती स्वतः डी.एड. करून शिकवते. तिने सरळ विचारले, "मॅडम, काम चांगलं आहे ना? मग दार लावून कशाला? बाहेर लोक काय काय बोलतात, माहीत आहे का तुम्हाला?" वर्गात उत्तर आले नाही की मी फळ्याकडे वळते. घरी फळा नव्हता. मी चहा टाकायला उठले.

मग आठवले ते दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी शिकवणाऱ्याला हे नाव चुकत नाही. त्यांनी १८३६ मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहिले आणि मराठीचे पाणिनी हा किताब मिळवला. बी.एड.ला असताना आम्ही त्यांना एवढ्यापुरतेच ओळखत होतो. लिंग, वचन, विभक्ती शिकवणारा हा माणूस आयुष्याची काही वर्षे दार लावून बसत होता, हे मला फार उशिरा कळले.

दादोबा आधी सुरतेला नोकरीत होते. तिथे १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि मित्रांबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. तिच्या बैठका उघड होत. भुताखेतांच्या आणि मंत्रतंत्राच्या नावावर लोकांना लुबाडणाऱ्यांना ही मंडळी जाहीर आव्हान देत. पुढे मुंबईला आल्यावर, १८४९ मध्ये, दादोबा आणि त्यांच्या स्नेह्यांनी परमहंस सभा सुरू केली. रामचंद्र बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष. ही सभा मात्र गुप्त होती. सभासदाच्या घरी जमायचे, दादोबांनी रचलेल्या प्रार्थना म्हणायच्या, मग चर्चा. देव एक, माणसाची जात एक, आणि कुठलाही ग्रंथ चुकीच्या पलीकडचा नाही, असे या मंडळींचे म्हणणे होते. मुंबईबाहेरही काही गावांत तिच्या शाखा निघाल्या.

आत येण्याची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जात मानणार नाही एवढे तोंडाने म्हणून भागत नसे. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. आज हे वाचून हसू येईल. पण त्या काळच्या उच्चवर्णीय घरात एवढ्यावरून माणूस वाळीत पडे. लग्नात पंगत मिळत नसे, मयताला खांदा मिळत नसे, बहिणीचे जमलेले लग्न मोडे. म्हणूनच कडी लावलेली. पुरेसे लोक झाले की जाहीर करू, असा त्यांचा बेत होता. एकटा माणूस वाळीत टाकता येतो, शेकडो कसे टाकणार, असा हा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता.

बाबा पदमनजी याच सभेत होते, आणि 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी तिच्याबद्दल लिहिले आहे. त्यांना असल्या अर्ध्या वाटेवर थांबवेना. १८५४ मध्ये ते उघडपणे ख्रिस्ती झाले आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. त्यांच्या निवडीबद्दल ज्याचे त्याचे मत असो. पण आत एक आणि बाहेर एक असे किती वर्षे जगता येते, हा त्यांचा प्रश्न खरा होता. दादोबांचेच पाहा. त्यांचे 'धर्मविवेचन' हे पुस्तक १८४३ च्या सुमारास लिहून तयार होते. ते छापून आले १८६८ मध्ये, तेही टोपणनावाने. पंचवीस वर्षे!

तोवर सभा संपलीही होती. १८६० मध्ये तिचे दप्तर चोरीला गेले आणि सभासदांची नावे बाहेर पडली. सरकारने बंदी घातली नाही, कुणी हल्ला केला नाही. नुसती नावे फुटली आणि मंडळी पांगली. ज्या भीतीने दार लावले होते, ती भीती खोलीत राहून कमी झाली नव्हती, उलट वाढली होती. आणि अशा सभेने नावांची वही ठेवावी, हे मला अजून समजत नाही. कदाचित चांगली सभा म्हणजे नीट ठेवलेले दप्तर, हे त्यांच्या इंग्रजी शाळेने डोक्यात भरवले असेल. आम्हा शिक्षकांनाही हा आजार आहे.

पुण्यातही असेच झाले, पण तिथे दार चोराने उघडले नाही, आत बसलेल्यानेच उघडले. १८९० मध्ये पंचहौद मिशनच्या बोलावण्यावरून शहरातली नामवंत मंडळी गेली, रानडे आणि टिळकही त्यांत होते. चहा-बिस्किटे आली. कुणी चहा घेतला, कुणी नाही. पुढे आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असणाऱ्यांची यादी 'पुणे वैभव'मधून छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांसारख्या माणसाने शेवटी प्रायश्चित्त घेतले. एक कप चहा!

माझ्याकडचा प्रसंग याहून फार लहान आहे, पण मी तो विसरू शकत नाही. आमच्यातल्या एकीने सासरच्या जाचाबद्दल रात्री गटात चार ओळी लिहिल्या. दोन दिवसांत त्या ओळींचा फोटो तिच्या दिराच्या मोबाइलवर होता. कुणी पाठवला, मला माहीत नाही, आणि शोधायला गेले असते तर उरलेल्या बायकाही गेल्या असत्या. ती पुन्हा आली नाही. तिची मुलगी माझ्या वर्गात आहे. मी तिची वही तपासते, ती मान वर करत नाही. म्हणून कुणी मला म्हणते, चांगल्या माणसाला लपवायचे काय असते, तेव्हा मला राग येतो. लपवायचे असते ते चांगले-वाईट नसते. ज्याच्या घरात राहायचे आहे, ज्याच्या हातून खर्चाला पैसे घ्यायचे आहेत, त्याच्या देखत सगळे बोलता येत नाही, इतके ते साधे आहे.

आपल्या परंपरेला ही गोष्ट परकी नाही. सीरत वाचलेल्या प्रत्येकाला हजरत अरकम यांचे घर माहीत आहे. मक्केत सुरुवातीचे मूठभर मुसलमान तिथेच गुपचूप जमत. त्यांत गुलाम होते, आणि त्यांना उघड्यावर बोलणे म्हणजे मार खाणे होते. पुढे हजरत हमजा आणि हजरत उमर त्यांना मिळाले, आणि सगळे उघडपणे काबागृहाकडे गेले, असे सीरतकार सांगतात. सूरह मुजादलामध्ये कानगोष्टींचा विषय आला आहे. तिथे गुप्त बोलणे सरसकट मना नाही. पापासाठी आणि जुलमासाठी नको, भलाईसाठी करा, असा आदेश आहे. आणि एक हदीस आम्ही लहानपणी शिकलो: तिघे असाल तर तिसऱ्याला सोडून दोघांनी कुजबुजू नये, त्याला वाईट वाटते.

ही हदीस आठवली आणि मी परमहंस सभेकडे पुन्हा वळले. आता मला तो तिसरा दिसू लागला. ज्याच्या हातचे पाणी प्यायल्याशिवाय सभासद होता येत नव्हते, तो मुसलमान कोण? भिश्ती? कुणाच्या घरचा गडी? शेजारचा दुकानदार? मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात त्याचे नाव नाही. पाव भाजणाऱ्याचेही नाही. आपल्याला कशासाठी बोलावले, हे त्याला सांगितले होते का? पेला देऊन तो बाहेर गेला की आत बसला? जात मोडण्याच्या खोलीत ज्यांना जातीचा चटका बसत होता, ते दिसत नाहीत. दिसतात ते शिकलेले वरच्या घरांतले तरुण, ज्यांच्याकडे गमावण्यासारखे बरेच होते. गमावण्यासारखे असणे हा गुन्हा नाही. पण बोलावणे कुणाला जाणार हे तेच ठरवणार असतील, तर पाणी आणणारा बाहेरच राहणार.

मग दार सताड उघडावे का? तेही पुढच्या पिढीने करून पाहिले. दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग आणि मंडळींनी ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थना समाज स्थापन केला. तो उघड होता, त्याला रानडे आणि भांडारकर लाभले, आणि तो टिकला. पण सभासद होण्यासाठी जात मोडण्याची अट तिथे नव्हती. पाव गेला, पाणीही गेले. लोकांसमोर बसायचे ठरले की माणूस जरा कमीच मागतो. माझ्या घरच्या बैठकीत ज्या बायका वारसाहक्काबद्दल तडाखेबंद बोलतात, त्याच शाळेच्या पालकसभेत "सब ठीक है मॅडम" म्हणून बसून राहतात. मीही मुख्याध्यापकांसमोर तेच म्हणते.

परमहंसांनंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी पुन्हा पाण्याचाच प्रसंग आला. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक भर दिवसा चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, जेवत्या ताटावर लोकांना मारले. त्या वेळी अनेकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषद भरवायची तर मंडपाला गावात कुणी जागा देईना. जागा दिली फत्तेखान यांनी. इथे मुसलमानाला नाव आहे, आणि त्याने काय केले हेही लिहिलेले आहे. उघड्यावर झालेल्या गोष्टीचा हा एक फायदा: कोण कुठे उभा होता हे लपत नाही. आमच्या नागपूरला तर हे सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी मोकळ्या मैदानावर आपला धर्म बदलला. आज दीक्षाभूमी पाहायला माझ्या वर्गाची सहल जाते.

पण महाडचे लोक २० मार्चला सकाळी उठून एकदम तळ्यावर गेले नव्हते. आदल्या दिवसापासून परिषद होती, आणि तिच्याआधी वाड्या-वस्त्यांवर किती रात्री कंदिलाच्या उजेडात माणसे बोलली असतील. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत मोर्चाने गेले. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्धचा तो मोर्चा आजही लोकांना आठवतो. दलवाईंच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही, आणि ते मी याआधी लिहिले आहे. पण मला नेहमी त्या सात जणींचे आदल्या रात्रीचे बोलणे ऐकावेसे वाटते. घरी काय सांगायचे हे कुठल्यातरी खोलीत, दार लावूनच ठरले असेल ना? परमहंसांच्या दाराला कडी होती याबद्दल माझी तक्रार नाही. ती अकरा वर्षांत एकदाही आतून निघाली नाही, याबद्दल आहे.

माझ्या विद्यार्थिनीला मी फोन करून हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "मॅडम, मग तुमचं दार कधी उघडणार?" मी म्हटले, एक तरी गोष्ट उघडी करू. निकाहनाम्यात मेहरची रक्कम आणि ती कधी द्यायची हे कसे लिहून घ्यावे, यावर पुढच्या महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये बोलायचे, पुरुषांनाही बोलवायचे, असे बैठकीत ठरवले. तेरांपैकी पाच जणी येतो म्हणाल्या. उरलेल्यांना मी कारण विचारले नाही. हजेरीची वही मी बंद केली. आता तारीख आणि विषय एवढेच लिहिते, जुनी नावांची पाने फाडून टाकली.

त्याच रविवारी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ज्यांच्या घरी बैठक होती त्यांच्याकडे कामाला एक ताई येतात. दोन वर्षे त्या आम्हाला पाणी देतात, चहा देतात आणि ट्रे घेऊन परत जातात. नवरा सोडून गेलेला, दोन मुली. आम्ही ज्यावर बोलतो त्यातले निम्मे त्यांनी भोगलेले. त्यांना बोलवायला कुणी शब्द दिला नव्हता, कारण शब्द द्यायचा असतो हे आमच्या मनातच आले नाही. मी म्हटले, "ताई, बसा ना आमच्यात." त्यांनी घड्याळाकडे पाहिले. "चार वाजता दुसऱ्या घरी जायचं असते मला," त्या म्हणाल्या, "तुमचं सुरू होते तीनला."

पुढची बैठक आम्ही अकरा वाजता ठेवली आहे. त्यांनी "बघते" म्हटले आहे.