अंग घासणाऱ्या मेंढीची गोष्ट

कुंपणाला अंग घासणारी मेंढी दिसली की इंग्लंडातला मेंढपाळ धास्तावे. आधी लोकर झडे, मग पाय लटपटत आणि काही महिन्यांत जनावर दगावे. अठराव्या शतकापासून ठाऊक असलेला हा ‘स्क्रेपी’ रोग. नावच मुळी खरवडण्यावरून पडलेले. मालक मात्र त्याची वाच्यता करीत नसत. केली तर मेंढ्या विकत कोण घेणार?

१९३६ मध्ये फ्रान्सातील तुलूझ येथे क्युये आणि शेल या दोघांनी तो टोचून दुसऱ्या मेंढीस होतो हे दाखविले. त्यासाठी त्यांना वर्षाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. इतका धीर विरळाच!

त्याच सुमारास स्कॉटलंडात गोचिडांमुळे पसरणाऱ्या एका निराळ्याच रोगावर मेंढ्यांच्या मेंदूपासून लस केली गेली. तीत फॉर्मॅलिन घातले होते. त्याने कोणताही विषाणू मरावा. परंतु एका घाण्याच्या सुमारे १८,००० मात्रा टोचल्यानंतर दोनेक वर्षांनी कळपांतून स्क्रेपी उद्भवला. औषधातूनच रोग वाटला गेला होता!

फॉर्मॅलिनला न जुमानणारे हे होते तरी काय? १९५९ मध्ये विल्यम हॅडलो या अमेरिकन पशुवैद्याने लंडनमधील एका प्रदर्शनात न्यू गिनीतील ‘कुरू’ या रोगाने मेलेल्या माणसांच्या मेंदूची चित्रे पाहिली. तीच चाळणीसारखी छिद्रे! माणसाचा तो रोग वानरास टोचून पाहा, असे त्याने ‘लॅन्सेट’ला कळविले. गायडुसेक यांनी ते केले आणि चिंपांझींना कुरू झाला.

पुढे १९८२ मध्ये प्रुसिनर यांनी सांगितले की हे जंतू नव्हेतच, निव्वळ प्रथिन आहे. वेडीवाकडी घडी पडलेले प्रथिन शेजारच्या सुघड प्रथिनासही तशीच घडी पाडते आणि त्यांचे तंतू साचतात. अशा तंतूंना ‘अमिलॉइड’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ ‘पिष्टासारखे’. १८५४ मध्ये फिर्खो यांनी आयोडीनचा रंग पाहून तो वापरला, आणि तो चुकीचा असूनही टिकला. प्रुसिनर यांच्यावर टीकेची झोड उठली. नोबेल मिळाले ते १९९७ मध्ये.

तोवर रोग मेंढ्यांपुरता राहिला नव्हता. १९८६ मध्ये ब्रिटनमधील गाईंत त्याचाच भाऊबंद ओळखला गेला. गवत खाणाऱ्या गाईंना मेलेल्या जनावरांच्या हाडामांसाचा भुगा चारला जात होता. १९८८ मध्ये त्यावर बंदी आली. १९९६ च्या मार्चमध्ये मात्र सरकारला पार्लमेंटात सांगावे लागले की, दहा तरुण माणसांना जडलेल्या मेंदूच्या नव्या विकाराचा संबंध या गाईंशी असण्याचा संभव फार आहे.