आधी नात, मग आजी

डिसेंबर लागला की डेन्मार्कमध्ये घरोघरी घोटीव कागदाचे लाल-पांढरे ताव बाहेर निघतात आणि आजी-आजोबा नातवंडांना जवळ घेऊन कागदी बदाम विणायला बसतात. पत्त्यांतल्या बदामासारखा आकार, मधोमध दोन रंगांच्या चौकटी, वर कागदाचाच बंद. आत दोन-चार गोळ्या किंवा मूठभर सुकामेवा घालून तो नाताळच्या झाडाला टांगायचा. डॅनिश लोक त्याला ‘यूलेयेर्ते’ म्हणतात. तो इतका साधा आहे आणि घरात इतका मुरलेला आहे, की पणजीने आजीला, आजीने आईला अशी ही विद्या कित्येक शतके झिरपत आली असावी, असे कुणालाही सहज वाटेल. पुरावे पाहिले तर चित्र उलटे दिसते. ही कला घरातून शाळेत गेली नाही, शाळेतून घरात आली. आणि तिला घरी आणणारे हात बहुधा आजीचे नव्हते, नातीचे होते. नाताळच्या अशा अनेक ‘पारंपरिक’ हस्तकलांचे कूळ शोधत गेले की आपण शेकोटीजवळच्या आजीपाशी पोचत नाही, बालवाडीच्या बाकापाशी पोचतो.

आधी वस्तूच जवळून पाहू, कारण तिच्या घडणीतच निम्मा पुरावा आहे. आठ सेंटिमीटर रुंद आणि चोवीस लांब अशा दोन रंगांच्या दोन पट्ट्या घ्यायच्या. प्रत्येक पट्टी मधोमध दुमडली की बारा सेंटिमीटर उरते. मोकळ्या टोकाला अर्धवर्तुळाकार कापायचे आणि दुमडीच्या बाजूने दोन सरळ चिरा द्यायच्या, म्हणजे प्रत्येक पट्टीचे तीन पदर होतात. चीर रुंदीपेक्षा थोडी जास्त, साधारण साडेआठ सेंटिमीटर हवी. ती नेमकी आठ ठेवली तर शेवटचा पदर ओवताना कागद फाटतो. मग दोन्ही तुकडे काटकोनात धरायचे. खरी मेख इथे आहे. चटईसारखे नुसते वर-खाली करून भागत नाही. प्रत्येक पदर दुहेरी असतो. तो समोरच्या पहिल्या पदराच्या पोटातून न्यायचा, दुसऱ्याला आपल्या पोटात घ्यायचे, तिसऱ्याच्या पुन्हा पोटातून जायचे. पुढच्या पदराला हाच क्रम उलटा. एकदा जरी चूक झाली तरी बाहेरून नक्षी बरी दिसते, पण बदाम पिशवीसारखा उघडत नाही. सगळे जमले की मध्ये चौरस आणि त्याच्या दोन लगतच्या बाजूंवर दोन अर्धवर्तुळे येतात. चौरस कोनावर उभा केला की बदाम तयार. रेषा मोजणे, दुमडणे, कापणे, क्रम लक्षात ठेवणे आणि चूक स्वतःच ओळखणे, एवढे धडे ज्या वस्तूत ठासून भरले आहेत, ती वस्तू अभ्यासक्रमाला इतकी चपखल बसते हा योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: विणलेला कागदी बदाम तर परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसनने १८६० च्या सुमारासच केला होता, आणि तो आजही जपून ठेवलेला आहे. हे खरे आहे. अँडरसनच्या हातात कात्री सहज खेळत असे. गोष्ट सांगता सांगता कागद कातरून तो नर्तकी, हंस, राजवाडे काढी, आणि त्याची अशी शेकडो कातरकामे टिकून आहेत. पण त्याचा बदाम झाडावर टांगण्यासाठी केला होता असे दिसत नाही. एका कुशल माणसाने एक वस्तू करणे आणि एका समाजाने दर वर्षी, ठरावीक सणाला, ठरावीक जागी ती वस्तू करणे यांत फार अंतर आहे. पहिल्याला कल्पकता पुरते, दुसऱ्याला शिकवणारी यंत्रणा लागते. १८७१ मध्ये एका डॅनिश नियतकालिकात असा बदाम विणण्याची कृती छापून आली, म्हणजे तोवर वस्तू ओळखीची होऊ लागली होती. पण ज्याची कृती छापून सांगावी लागते, ते घराघरांत रुळलेले नसते, हेही त्यातून कळते. झाडावर घोटीव कागदाचे बदाम टांगण्याची चाल खऱ्या अर्थाने पसरली ती १९१० च्या आसपास. मधल्या चाळीस वर्षांत काय घडले, हा या कुळकथेतला कळीचा प्रश्न आहे.

उत्तरासाठी जर्मनीत जावे लागते. फ्रीडरिश फ्रोबेल (१७८२–१८५२) या शिक्षणतज्ज्ञाने बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी काम सुरू केले आणि १८४० मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. मूल हाताने शिकते, हा त्याच्या पद्धतीचा पाया. म्हणून ठोकळे आणि चेंडू यांच्या जोडीला कागद दुमडणे, कातरणे आणि कागदाच्या पट्ट्या विणणे हे रीतसर पाठ होते. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या शाळा नास्तिक आणि समाजवादी ठरवून बंद केल्या. फ्रोबेलच्या पुतण्याच्या लिखाणाचा ठपकाही काकांवर आला. बंदी १८६० मध्ये उठली, तोवर फ्रोबेल हयात नव्हता. त्याच्या शिष्या मात्र देशोदेशी पांगल्या आणि बंदीमुळे जे दडपायचे होते ते उलट दूरवर पसरले. डेन्मार्कमध्ये लेखिका एर्ना युएल-हान्सन यांनी पतीसह कोपनहेगनमध्ये फ्रोबेलच्या धर्तीवर बालवाडी काढली ती १८७१ मध्ये, म्हणजे बदामाची कृती छापून आली त्याच वर्षी. एका गोष्टीने दुसरी घडवली असा दावा यावरून करता येणार नाही. पण एकाच काळात एकाच समाजाला लहान मुलांच्या हातांबद्दल आस्था वाटू लागली होती, एवढे नक्की म्हणता येते. पुढे बालवाड्या वाढल्या, लाकडाच्या लगद्यापासूनचा कागद स्वस्त झाला आणि बोटांना वळण व मनाला धीर लावणारा पाठ म्हणून बदाम तिथे रुजला. डॅनिश अभ्यासकही या चालीच्या प्रसाराचे श्रेय प्रामुख्याने बालवाड्यांनाच देतात.

आता साधा हिशेब करू. १९१२ मध्ये पाच वर्षांची असलेली मुलगी साठीला पोचते १९६७ मध्ये. म्हणजे ‘मी लहानपणी शिकले ते नातीला शिकवते’ असे म्हणू शकणाऱ्या आज्या मोठ्या संख्येने दिसू लागल्या असतील त्या विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच. त्याआधीच्या घरांत पदर कुठून ओवायचा हे ठाऊक असलेली व्यक्ती बहुतेक वेळा घरातली सर्वांत लहान असणार. मोठ्यांनी कात्री धरली, चिरा दिल्या. आतून की बाहेरून, हे मुलाने सांगितले. परंपरा वरून खाली वाहते हे आपले गृहीतक इथे पहिल्याच पिढीत मोडते.

हा एकट्या डेन्मार्कचा अपवाद असता तर एवढा खटाटोप करायचे कारण नव्हते. पण जर्मनीतल्या हेर्नहूटच्या ताऱ्याचे कूळही असेच निघते. मोरावियन पंथाच्या नीस्की इथल्या वसतिशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भूमितीच्या पाठासाठी मुले कागदाचे बहुकोनी तारे करत. यांतली कित्येक मुले दूरदेशी गेलेल्या धर्मप्रचारकांची होती. सव्वीस पृष्ठांच्या घनाकृतीवर टोकदार पिरॅमिड बसवायचे: सतरा चौकोनी तळाचे, आठ त्रिकोणी तळाचे, आणि एक चौकोन टांगण्यासाठी मोकळा. शाळेचे माजी विद्यार्थी पीटर फेरबेक यांनी १८८० च्या सुमारास हे तारे आणि ते जोडायची कृती आपल्या पुस्तकांच्या दुकानातून विकायला सुरुवात केली आणि पुढे त्याचा कारखानाच झाला. भूमितीचा तास आधी, नाताळपूर्व आगमनकाळातला दिवा नंतर. चार पट्ट्यांचा जर्मन ‘फ्रोबेल तारा’ही तसाच, तो फ्रोबेलने शोधला असा पुरावा नाही, पण त्याचे नाव चिकटले ते बालवाडीने तो पसरवला म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक तगडा आहे. विणकाम माणसाइतकेच जुने; चटया आणि टोपल्या विणणाऱ्यांनी कागदाला हात लावला एवढेच, मग शाळेचे श्रेय कसले? तंत्र जुने आहे, हे मान्य. पण ही चाल उभी राहायला चार गोष्टी एकत्र याव्या लागल्या: टांगायला झाड, परवडणारा रंगीत कागद, मुलाच्या हाती कात्री देण्याइतका विश्वास, आणि मुलाने उगीच वाटणारी वस्तू करत बसण्यात अर्थ आहे ही समजूत. नाताळचे झाडच डेन्मार्कमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, आधी सरदारांच्या आणि श्रीमंतांच्या घरी आले. ज्या शेतकऱ्याच्या घरी सहा वर्षांचे पोर गुरांमागे जाई, तिथे टोपली विणणे हे काम होते, खेळ नव्हे. टोपलीपासून बदामापर्यंतचे अंतर बालपणाविषयीच्या नव्या कल्पनेनेच कापले. आपल्याकडे हस्तव्यवसायाच्या तासाला घोटीव कागदाची चटई विणणारी मुले याच घराण्यातली आहेत. बुरुडाच्या सुपापेक्षा तिचे नाते फ्रोबेलच्या पाठाशी जवळचे आहे.

मग ही परंपरा बनावट म्हणायची का? शंभर-सव्वाशे वर्षांची आणि शाळेने पेरलेली, म्हणून खोटी? असे म्हणणाऱ्यांनी शाळेने पेरलेले किती उगवत नाही तेही पाहावे. फ्रोबेलच्या पाठांतले कित्येक प्रकार शाळेच्या दारातच राहिले, कागदी बदाम मात्र घरात शिरला, कारण त्याला घरात काम मिळाले. त्यात खाऊ मावतो, तो झाडावर शोभतो, पुढच्या वर्षापर्यंत खोक्यात टिकतो. शिवाय ओवताना एकाने धरायचे आणि दुसऱ्याने सरकवायचे अशी सोय त्यात असल्याने दोन माणसे लागतात: एकाची बोटे बारीक हवीत, दुसऱ्याला घाई नसावी. सणाच्या धांदलीत घाई नसलेले माणूस म्हणजे बहुतेक घरी आजी किंवा आजोबा. त्यांची जागा वारशाने ठरली नाही, वेळेने ठरली. म्हणून नातवंडांबरोबर काही करायचे तर आपल्याला लहानपणी कुणी शिकवले नाही, याचा संकोच आजी-आजोबांनी बाळगू नये. तीन-तीन पदरांचा बदाम घ्यावा, चीर अर्धा सेंटिमीटर जास्त द्यावी आणि पहिला पदर आतून जातो की बाहेरून हे मुलाला ठरवू द्यावे. ही कला सुरू झाली तेव्हाही ती बहुधा अशीच शिकली गेली.